पंचनाम्यात न मावलेलं



ज्यांच्या स्मरणार्थ वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींची आणि माझी ओळख एका मेलेल्या शेळीमुळे झाली. पशुवैद्यक म्हणून मी या तालुक्यात तेव्हा नवी होते. एका वस्तीवर बिबट्यानं शेळी मारली होती. वनरक्षकाबरोबर मी पंचनाम्याला गेले आणि पंच म्हणून गावानं गुरुजींना आणलं होतं. मी जनावराचं वय, रंग, वजन, गळ्यावरच्या जखमा, अंदाजे किंमत सांगत गेले, वनरक्षक लिहीत गेले. सही करण्याआधी गुरुजींनी कागद दोनदा वाचला. शेळीची मालकीण गोठ्याच्या दाराशी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिच्याकडे बघत गुरुजी मला म्हणाले, "बाई, शेळीचं सगळं आलंय यात. हिचं काहीच आलेलं नाही."

मला पुढच्या गावाला जायची घाई होती. त्यांचं बोलणं मला त्या दिवशी खोळंबा वाटलं. नंतर तीस वर्षं ते वाक्य माझ्याबरोबर प्रत्येक वस्तीवर आलं, आणि आज मी बोलणार आहे तेही त्याच्याचबद्दल.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, ही व्याख्यानमाला रात्री नऊला सुरू व्हायची. जेवणं उरकून, धारा काढून, दूध डेअरीला घालून लोक निवांत यायचे. वस्त्यांवरच्या बाया घोळक्यानं पायी यायच्या, पोरं आईच्या मांडीवर झोपून जायची. यंदा निमंत्रणपत्रिकेवर वेळ दुपारी चारची आहे. कार्यवाहांनी मला फोनवर सांगितलं, "डॉक्टर मॅडम, सहाच्या आत आटपावं लागेल. लोकांना उजेडात घरी पोचायचं असतं." वन्यप्राणी आणि माणूस यांच्या संघर्षाची किंमत या विषयावर तुम्ही मला बोलायला सांगितलंत, आणि त्या किमतीतला एक आकडा तुम्ही स्वतःच पत्रिकेवर छापला आहे. रात्र गेली. सबंध तालुक्याची रात्र गेली. ती कुठल्याच पंचनाम्यात नाही.

आपल्याकडे हे कसं झालं, ते थोडक्यात सांगते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं आणि ज्या रानात बाजरी-मटकी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. बिबट्याला लागतं ते सगळं त्यात आहे. दाट आडोसा आहे, पाटाचं पाणी आहे आणि वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या आहेत. मादी उसात विते, पिल्लं उसात वाढतात. आज आपल्या शिवारात फिरणाऱ्या कितीतरी बिबट्यांनी आयुष्यात घाटातलं जंगल पाहिलेलंच नाही. म्हणून "जंगलातला प्राणी गावात आला" असं कुणी म्हणालं की मला थांबवावंसं वाटतं. तो आलेला नाही. तो इथेच जन्मला आहे. २०२२च्या गणनेत राज्यात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला, पण ती गणना मुख्यतः जंगलांतली. उसातल्यांची नीट मोजदाद अजून व्हायची आहे.

आता पंचनाम्याकडे येते. ते माझं रोजचं काम होतं, म्हणून जरा जवळून सांगते.

जनावर कुणी मारलं हे ठरवायला वरची जखम पाहून भागत नाही. मानेची कातडी सोलून आत पाहावं लागतं. जनावर जिवंत असताना सुळे रुतले असतील तर कातडीखाली रक्त साकळलेलं असतं, काळपट, बोटाला चिकट लागतं. मेल्यानंतर कुणी ओरबाडलं असेल तर आत रक्त साकळत नाही. बिबट्या गळा धरतो आणि जनावर गुदमरेपर्यंत सोडत नाही, त्यामुळे सुळ्यांची भोकं नरड्यापाशी जवळजवळ दिसतात. मोकाट कुत्री मागून लागतात, मांड्या फाडतात, शेपटीखाली, कासेला धरतात. हा फरक मी का सांगते? कारण बिबट्यानं मारलेल्या जनावराची भरपाई मिळते आणि कुत्र्यांनी मारलेल्याची मिळत नाही. एका म्हातारीच्या तीन शेळ्या एका रात्रीत गेल्या होत्या. ती माझा हात धरून म्हणत होती, "बाई, वाघच लिव्हा." मी कातडी सोलून पाहिली. कुत्री होती. मी कुत्री लिहिलं. खोटं लिहिणं मला शक्य नव्हतं, आणि खरं लिहिल्याचं समाधानही त्या दिवशी मिळालं नाही. तिच्या दृष्टीनं दाराशी मेलेल्या शेळ्या तेवढ्याच तीन होत्या.

नियमात जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतलं जे कमी असेल ते देतात. पंचनामा होईपर्यंत जनावर जागचं हलवायचं नाही. उन्हाळ्यात वनरक्षक यायला संध्याकाळ झाली तर घरचे लोक दिवसभर त्या शेळीवर गोणपाट टाकून, कावळे-कुत्री हाकत बसतात. ही मजुरी बुडाली. गोठ्यातल्या उरलेल्या शेळ्यांचं काय होतं तेही सांगते. भेदरलेली शेळी दूध आटवते. गाभण असेल तर गाभडते. पंधरा दिवसांनी मला तिकडून फोन यायचा, "मॅडम, दोन गाभडल्या." त्याला रकाना नाही. मग घरात रात्रीची राखण सुरू होते. मुलगा गोठ्यात खाट टाकतो, दिवसा कामावर पेंगतो. मुलीची कॉलेजची एसटी संध्याकाळी सातला फाट्यावर येते, फाट्यापासून वस्ती दीड किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस. चार दिवस बाप आणायला जातो, पाचव्या दिवशी म्हणतो, "यंदा राहू दे." मी ज्या घरांत पंचनाम्याला गेले त्यांतल्या किती घरांत वर्षाच्या आत मुलीचं कॉलेज सुटलं, हे मी मोजून ठेवायला हवं होतं. मी शेळ्या मोजल्या.

माणूस गेला तर आज राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. काही रक्कम लगेच मिळते, बाकीची मुदत ठेवीत ठेवली जाते. पूर्वीच्या मानानं ही मोठी वाढ आहे आणि ती व्हायलाच हवी होती. पण माझं मन त्या रकमेशी अडतं ते वेगळ्या कारणानं. मेल्यावर २५ लाख देणारी व्यवस्था त्याच वस्तीला तो माणूस जिवंत असताना बंदिस्त गोठा, अंगणातला दिवा आणि दिवसाची वीज वेळेवर देऊ शकत नाही. आपला खर्च मरणानंतर सुरू होतो.

दिवसाची वीज म्हणाले, त्याबद्दल बोलायलाच हवं. इथे समोर बसलेल्या निम्म्या पुरुषांच्या मोबाइलमध्ये या आठवड्याचं थ्री फेजचं वेळापत्रक असेल. काही दिवस वीज दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की अकरा-बाराला उठून, बॅटरी घेऊन, उसात दारं धरायला जायचं. दारं धरताना माणूस वाकलेला असतो. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून दुसरं दार उघडायचं. वाकलेला माणूस अंधारात माणसासारखा दिसत नाही. नवरा-बायको मिळून जातात तेव्हा लहान लेकराला एकतर घरात एकटं ठेवायचं किंवा बांधावर गोधडीवर निजवायचं. यांतला कुठला पर्याय बरा ते मला कुणी सांगावं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. माझी मागणी एवढीच की तिचा क्रम ठरवताना बिबट्याच्या पट्ट्यातले फीडर आधी घ्या. ही मागणी वीज खात्याकडे जाते, वनखात्याकडे नाही, आणि तिथेच ती पडून राहते. बिबट्याचा प्रश्न म्हटला की सगळे वनखात्याकडे बघतात. पण तो विजेचा आहे, एसटीच्या वेळेचा आहे, शौचालयाचा आहे, कोंबड्यांच्या मेलेल्या पिल्लांचा आणि खाटकाच्या घाणीचा ढीग कुठे टाकतात त्याचा आहे. त्या ढिगावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांवर बिबटे.

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरातलं गेल्या दिवाळीच्या आसपासचं तुम्हाला सांगायला नको. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांच्या आत एक लहान मुलगी, एक वृद्धा आणि एक शाळकरी मुलगा गेला. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, महामार्ग अडवला, शेवटी त्या भागातला बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्यानंतर त्या गावातल्या बायकांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून त्या शेतात काम करत होत्या.

तो पट्टा मला चांगला माहीत आहे. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात तो असतो. चामड्याची किंवा पत्र्याची पट्टी, बाहेरून टोकदार खिळे. बिबट्यानं गळा धरला तर खिळे त्याच्या तोंडात रुतावेत म्हणून. असे पट्टे घातलेली कितीतरी कुत्री मी तपासली आहेत, पट्टा घट्ट झाल्यानं मानेला झालेल्या जखमा धुतल्या आहेत. ती वस्तू बाईच्या गळ्यात मंगळसूत्राच्या वर दिसली तेव्हा मी टीव्ही बंद केला. ती बाई खुरपत होती. मान खाली घातली की खिळे हनुवटीला लागत असणार. नुकसानीचा कुठलाही आकडा मला इतका बोलका वाटलेला नाही.

मग पकडा सगळे आणि सोडा लांब जंगलात, असं आपण म्हणतो. मीही म्हणत होते. २००१ ते २००३च्या काळात जुन्नर विभागात तेच केलं गेलं. शेतशिवारातले बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुढे अभ्यास केला. आधी वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरचे हल्ले १७ वर गेले होते, आणि जिथे सोडले तिथेही वाढले होते. पिंजऱ्यात चिडलेला, अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या घराच्या ओढीनं वस्त्यांतून चालत सुटतो. आजोबा नावाचा बिबट्या आठवतो ना? तो विहिरीत पडला होता, त्याला काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून २००९ मध्ये माळशेजला सोडला. तो तिथून सव्वाशे किलोमीटरच्या घरात चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात गेला. वाटेत त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही, पण प्रत्येक बिबट्याकडून तशी अपेक्षा ठेवून धोरण आखता येत नाही. रिकामी झालेली जागा तर भरतेच, दुसरा तरुण बिबट्या तिथे येतो. माणसावर हल्ला करणारा नेमका तो एक प्राणी ओळखून तातडीनं धरला किंवा मारला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. लोकांचा राग शमवायला मिळेल तो बिबट्या पिंजऱ्यात घालायचा, याला मात्र माझा विरोध आहे. त्यानं हल्ला थांबत नाही आणि लोकांना खोटा धीर मिळतो.

आपल्याकडे जसा बिबट्या, तसा चंद्रपूरकडे वाघ. २००६ मध्ये महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. या यशाचा मला अभिमान आहे, ते सहज आलेलं नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली ते ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत जाऊन बघा. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा. ७० पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. वर्षाकाठी रोख पैसा हातात येतो तो याच दिवसांत. पानं खालच्या झुडपांवर असतात, त्यामुळे बाई तिथेही वाकलेलीच. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तिघी बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात जाऊ नका, असा फलक लावणं सोपं आहे. त्या दहा-पंधरा दिवसांच्या मजुरीची हमी देऊन मग तो फलक लावावा. वाघ बघायला येणाऱ्यांच्या जिप्सीचं तिकीट, रिसॉर्टचं भाडं हा पैसाही त्याच वाघानं कमावलेला आहे. त्यातला किती त्या तिघींच्या गावांपर्यंत पोचतो, हे दरवर्षी जाहीर झालं पाहिजे.

आणि ज्यांच्या वाट्याला हल्लाही नाही, बातमीही नाही, त्यांचं काय? रोही आणि रानडुक्कर ज्यांचं पीक खातात, त्यांचं? माझा मामा दापोलीकडचा. त्याच्या वाडीत भात, नाचणी, वरी व्हायची. आता निम्म्या जमिनी पड आहेत. वानरं आणि केल्डी, म्हणजे माकडं, नारळ कोवळा असतानाच पाडतात, डुकरं एका रात्रीत भाताचा वाफा नांगरल्यासारखा करतात. मामानं तक्रार केली नाही. त्यानं पेरणंच सोडलं. न पेरलेल्या शेताचा पंचनामा कसा करणार? गोखले अर्थशास्त्र संस्थेत मिलिंद वाटवे आणि गुरुदास नूलकर यांनी यावर काम केलं, तेव्हा वन्यप्राण्यांमुळे राज्यातल्या शेतीचं वर्षाला १०,००० ते ४०,००० कोटी रुपयांचं नुकसान होत असावं असा अंदाज पुढे आला. दहा आणि चाळीस यांत केवढं अंतर आहे! काहींना त्यामुळे हा अभ्यास ढिला वाटेल. मला ते अंतर प्रामाणिक वाटतं, कारण आपण मोजायलाच आत्ता सुरुवात केली आहे.

वाटवे यांनी ताडोब्याजवळच्या गावांत एक पद्धत करून पाहिली, ती मला फार पटते. डुकरानं किती खाल्लं हे बघायला पंचनामा करायचाच नाही. हंगामाच्या शेवटी कुणाच्या शेतात किती पिकलं ते गावासमोर मोजायचं. जंगलाला लागून असलेल्या शेतांचं उत्पन्न लांबच्या शेतांपेक्षा जेवढं कमी, तेवढा आधार सगळ्यांना द्यायचा. आणि त्याच पट्ट्यात ज्यानं राखण करून इतरांपेक्षा जास्त पिकवलं, त्याला त्याबद्दल वर पैसे. म्हणजे खाऊ दिलं तर भरपाई, असं उरत नाही. राखण करणाऱ्याची रात्र पहिल्यांदा हिशेबात येते. गुरुजी असते तर या पद्धतीवर त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले असते.

सरकारनं काही करेपर्यंत लोक गप्प बसत नाहीत, हेही सांगायला हवं. झटका मशीन लावणारे शेतकरी आहेत, त्याच्या तारेत क्षणभराचा झटका असतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. पण मशीनला पैसे नसतात, अनुदानाची फाइल अडकते, मग कुणीतरी रात्री सरळ खांबावरून आकडा टाकून कुंपणात करंट सोडतो. डुकरासाठी सोडलेल्या त्या तारेला वाघ चिकटून मेले आहेत आणि सकाळी पाणी बघायला आलेला शेजारीही मेला आहे. मी अशा एका घरी गेले होते. म्हैस बघायला गेले होते, तीही तारेला लागली होती. ज्यानं तार सोडली तो आणि जो गेला तो, चुलतभाऊ. हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. तरीही त्या दोन घरांच्या मधल्या बांधावर उभं राहून मला नुसता कायदा आठवला नाही.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरातले महादेव कोळी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. वाघोबाच्या ठाण्यापाशी गुराखी जमतात, नैवेद्य होतो, आमच्या गुरांना सांभाळ असं त्याला सांगतात. मी दोनदा गेले आहे. तिथल्या माणसांचं जनावर वाघानं नेलं तर त्यांना दुःख होत नाही, असं कुणी समजू नये, त्यांनाही तेवढंच होतं. पण तिथे वाघाशी बोलणं चालू आहे. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात ते बोलणं कधी सुरूच झालं नाही, कारण बिबट्या आपल्याकडे कालव्याबरोबर आला, आजोबा-पणजोबांबरोबर नाही. त्याच्याबरोबर कसं राहायचं हे सांगणारी म्हातारी माणसं आपल्या वस्त्यांवर नव्हती. ते शिक्षण शाळेनं, ग्रामपंचायतीनं, दूध डेअरीनं द्यावं लागेल. ऊसतोडीत पिल्लं सापडली की आता आपले कामगार कोयता खाली ठेवून फोन करतात, पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली जातात आणि अंधार पडल्यावर मादी येऊन घेऊन जाते. दहा-पंधरा वर्षांत शिकलेली ही गोष्ट आहे. जी टोळी मी पाहिली तिच्यातली एक बाई, स्वतःचं लेकरू काखेत घेऊन, लांबून त्या क्रेटकडे बघत होती. तिनं मला विचारलं, "न्हेईल ना वो ती?" त्या बाईच्या पालाला दार नव्हतं.

मला आता आवरतं घ्यायला हवं. माझ्या दोन मागण्या या सभेनं ठरावाच्या रूपात पाठवाव्यात अशी विनंती आहे. पहिली, उसाच्या पट्ट्यात रात्रीची थ्री फेज बंद करून दिवसा द्यावी. दुसरी, पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना वाढवावा, घरातल्या माणसांवर काय परिणाम झाला, असा. काम सुटलं का, शाळा सुटली का, गोठा बंदिस्त आहे का, नसेल तर तो बांधायला महिन्याच्या आत पैसे दिले का. तो भरायला पंचांना दहा मिनिटं जास्त लागतील. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो कार्यवाहांकडे देते.

साडेपाच वाजून गेले. प्रश्नोत्तरं आज नको, पुढच्या रविवारी सकाळी मी वाचनालयात असेन, तेव्हा या. ज्यांची आज रात्रीची पाळी आहे त्यांनी एकट्यानं जाऊ नका, शेजारच्याला उठवा, मोबाइलवर गाणी लावा, वाकून काम करताना मधेमधे उभे राहा. वरच्या वस्तीवरच्या बाया मागे बसल्या आहेत, त्यांना घेऊन जायला ट्रॅक्टर आला आहे. आधी त्यांना निघू द्या.